एकोणसाठावी नाळ

फ्रीझरमध्ये एकोणसाठ बाळांचं रक्त होतं. प्रत्येकाच्या तीन कुप्या, म्हणजे एकशे सत्त्याहत्तर. त्यांतल्या दोन हाताळताना तडकल्या, म्हणून एकशे पंचाहत्तर. एकतीस बाळं बीपी चढलेल्या आयांची, अठ्ठावीस बीपी शेवटपर्यंत नीट राहिलेल्या आयांची. उणे ऐंशी अंशांवर सगळी सारखीच दिसायची. बोटाच्या पेराएवढी कुपी, आत पेशी वेगळ्या काढलेल्या रक्ताचा पिवळसर गोठलेला थेंब, झाकणावर काळ्या शाईत क्रमांक. नाव कुठेच नव्हतं. नाव लिहायचंच नसतं.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत या कुप्या सांभाळायचं काम बुद्धप्रियाकडे होतं. ती नायगावची, जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि दीड वर्षापासून याच संशोधनावर नेमलेली. गरोदरपणात काही बायकांचा बीपी चढतो, अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिन जातं, वेळीच आवरलं नाही तर झटके येतात. डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. अशा आईच्या पोटात बाळानं काय सोसलं, ते त्याच्या नाळेतल्या रक्तावरून ओळखता येईल का, एवढाच प्रश्न होता.

नाळ कापली की वारेच्या बाजूला उरलेल्या तुकड्यात बाळाचंच थोडं रक्त अडकून राहतं. एरवी ते वारेबरोबर पिवळ्या पिशवीत जातं. बुद्धप्रिया ते सुईनं ओढून घ्यायची. उशीर झाला की गुठळी होते, म्हणून प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर बर्फाची पेटी मांडीवर घेऊन ती बसून राहायची. बाकावर कुणी आजी होणार असायची, कुणी मामा, कुणी बाप. ती कुणीच होणार नसायची. आतून रडणं ऐकू आलं की सगळे उठून दाराशी जायचे आणि तीही उठायची, पण तिला बाळाचं तोंड बघायचं नसायचं.

वॉर्डातल्या आया तिला ‘नाळवाली ताई’ म्हणत. तिचं खरं नाव विचारायची गरज कुणाला पडत नसे. संध्याकाळी ती खानावळीत जेवून भाड्याच्या खोलीवर जायची. नायगावहून बाबांचा फोन यायचा. जेवलीस का, ते विचारायचे. हो, ती म्हणायची. त्यापुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. मग बाबा म्हणायचे, बरं, ठेवतो, जय भीम. रविवारी प्रयोगशाळा बंद असे, तरी ती जायची. फ्रीझरचं तापमान बघायला, असं ती पहारेकऱ्याला सांगायची. तापमान बाहेरच्या पडद्यावर दिसायचं आणि ते बघायला अर्धं मिनिट पुरत असे. ती दुपारपर्यंत थांबायची. फ्रीझर घरघरत असायचा, आणि खोलीपेक्षा ते बरं वाटायचं.

एकोणसाठावी आई अहमदपूरहून रात्रीतून आणलेली होती. दामिनी, वय तेवीस, पहिलं बाळंतपण. लातूरला सासर, अहमदपूरला माहेर. बीपी आवरेना म्हणून आठवा लागताच बाळ काढावं लागलं. मुलगी झाली, दीड किलोला थोडी कमी. बाळाला नवजात कक्षात ठेवलं आणि दामिनीला वॉर्डात. मधे दोन मजले.

त्या बाळाच्या रक्ताची काचपट्टी बुद्धप्रियानं स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली मोजली होती. पोटात प्राणवायू कमी पडला की बाळाचं शरीर घाईघाईनं कच्च्या तांबड्या पेशी रक्तात सोडतं. तयार व्हायला वेळच नाही, तशाच कामाला जुंपलेल्या. निरोगी आयांच्या बाळांत शंभर पांढऱ्या पेशींमागं अशा कच्च्या पेशी दहाच्या आत असत. या मुलीत एकेचाळीस होत्या. बुद्धप्रियानं परत मोजल्या. एकेचाळीसच. या मुलीनं बाहेर येण्याआधी केवढी धडपड केली होती, हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगायची मुभा नव्हती. नियमानं तो आकडा फक्त क्रमांकाचा होता.

दुसऱ्या दिवशी ती आईची माहिती घ्यायला वॉर्डात गेली. दामिनीचा चेहरा अजून सुजलेला होता. शेजारी कुणी नव्हतं. तिची आई गौरम्मा वरच्या मजल्यावर काचेतून नात बघत बसली होती. नवरा महांतेश येऊन एकदा डोकावून लातूरला परत गेला होता.

“बीपी पहिल्यांदा कधी तपासला होता?” बुद्धप्रियानं विचारलं.

“सहाव्यात.”

“त्याच्या आधी?”

“आधी कसं तपासणार? सासूबाई म्हणल्या, पाच सरल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाई. दृष्ट लागती.”

“डॉक्टरला पण नाही सांगायचं?”

“डॉक्टर बी माणूसच की, ताई. त्याला काय डोळे न्हाईत?”

बुद्धप्रियाला हसू आलं आणि दामिनीलाही, पण टाके दुखले म्हणून ती थांबली. अडचण मात्र खरी होती. पाचव्या महिन्याच्या आधीचा आकडा असता तर कळलं असतं की हा बीपी गरोदरपणानं आणला की तो आधीपासूनच अंगात होता. आता ते कळायला एकच वाट उरली होती. गरोदरपणाचा बीपी बाळंतपणानंतर बारा आठवड्यांत उतरतो. आधीचा असेल तर उतरत नाही. म्हणून बारा आठवड्यांनी प्रत्येक आईचा बीपी परत मोजायचा, असं संशोधनात ठरलेलंच होतं. जी येऊ शकत नाही तिच्या घरी जाऊन मोजायचा.

दामिनीनं नजर छताकडं वळवली. मग म्हणाली, “ताई, माझ्यातच कायतरी खराबी हाय का? सासरे म्हणून राहिले, आजारी पोरगी गळ्यात मारली आमच्या.”

बुद्धप्रिया चटकन म्हणाली, “तुमच्यात काही खराबी नाही. हा वारेचा आजार आहे. वार नीट रुजली नाही की तिथून काही द्रव्यं रक्तात सुटतात, ती बीपी चढवतात. वार गेली की आजार जातो.”

“जातो?”

“जातो.”

दामिनीनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दीड वर्षात नांदेडमध्ये तिचा हात असा कुणी धरला नव्हता. बर्फाची पेटी दुसऱ्या हातात होती, ती तिनं तशीच धरून ठेवली.

प्रयोगशाळेत परत आल्यावर तिनं हे मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक डॉक्टर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सगळ्यांचा जातो का गं?”

“बहुतेकींचा जातो.”

“मग ‘बहुतेक’ कुठं राहिलं?”

ते वॉर्डात, त्या हातात राहिलं होतं.

पुढं काय झालं ते तिला दामिनीच्या फोनवरून कळत गेलं. तीन आठवडे नवजात कक्षात काढून मुलगी अहमदपूरला घरी आली. दामिनीनं लातूरला निरोप पाठवला की आजार माझा नव्हता, वारेचा होता, आता गेला. नांदेडच्या ताई सांगतात. लातूरहून उत्तर आलं की गेला का राहिला ते कळू द्या, मग बघू. तोवर कुणी आलं नाही. माहेरच्या स्वामींनी येऊन लिंगायत रीतीनं बाळाची लिंगधारणा केली, तेव्हाही सासरचं माणूस नव्हतं. बारसं तर झालंच नाही. नाव ठेवायचं आत्यानं, आणि आत्या लातूरला. त्यामुळं मुलगी दोन महिन्यांची झाली, अडीच महिन्यांची झाली, आणि बिननावाचीच राहिली. गौरम्मा तिला ‘ए बाळी’ म्हणायची. बुद्धप्रियाच्या कुपीवर तरी निदान एकोणसाठ लिहिलेलं होतं.

बारा आठवडे भरले त्या आठवड्यात दामिनीचा फोन आला. “ताई, तुमी मंगळवारी येणार ना? सासरे बी येऊन राहिले. ते म्हणले, त्या बाईसमोर मोजू द्या. उतरला असंल तर पोरीला घेऊन जातो. न्हाईतर माहेरलाच ऱ्हाऊ द्या म्हणले.”

मंगळवारी सकाळी बुद्धप्रियानं नांदेडहून अहमदपूरची एसटी धरली. बीपीचं मशीन मांडीवर होतं. खिडकीबाहेर सोयाबीन काढून झालेली रानं होती आणि तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. कितीही मनात घोळवलं तरी एकच वाक्य परत येत होतं. वार गेली की आजार जातो. शाळेतल्या पोरानं उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर तिनं अर्धे गुण कापले असते.

गौरम्माचं घर म्हणजे पुढं किराणा दुकान आणि मागं दोन खोल्या. पहिल्या खोलीत दामिनीचे सासरे सिद्रामप्पा खुर्चीवर ताठ बसले होते. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, पायाशी लातूरहून आणलेली पिशवी. लातूरच्या मार्केट यार्डात त्यांची आडत होती. महांतेश आला नव्हता. आडतीच्या दुकानात माल उतरत होता म्हणे.

“बसा,” सिद्रामप्पा म्हणाले. “वार गेली की आजार जातो म्हणणाऱ्या त्या तुमीच का?”

“हो. पण मी ‘बहुतेक’ म्हणायला हवं होतं.”

“बहुतेकला आमच्या बाजारात भाव न्हाई, बाई. एक तर माल कोरडा ऱ्हातो, न्हाईतर वला.” त्यांनी हनुवटीनं मशीनकडं खूण केली. “त्या नाळंच्या रक्तात काय निघालं?”

“ते एकेकीचं सांगता येत नाही. आणि त्यातून कुणाची चूक ते कळत नाही. बाळाला काय झालं तेवढं कळतं.”

“मग कशाला घेतलं?”

“बाळाला काय झालं ते कळायला.”

सिद्रामप्पांनी तिच्याकडं नीट बघितलं. दारातून गौरम्मा म्हणाली, “अप्पा, चहा घेता का आधी?” ते म्हणाले, “आधी काम.” मग परत बुद्धप्रियाकडं वळले. “हे मशीन बरोबर दाखवतं कशावरून?”

“दरवर्षी तपासून घेतो. त्याचं प्रमाणपत्र आहे.”

“कागद ऱ्हाऊ द्या. हे बघा, आमी चाळीस वर्षं तोलून राहिलो. आधी काटा तपासायचा, मग माल चढवायचा. वजन पक्कं माहीत असलेला एक दगड दुकानात असतो. तो ठेवायचा, काटा बरोबर बोलला तर पुढं जायचं. तुमचा दगड कुठाय?”

“माणसाचा दगड कुठून आणू, अप्पा?”

“हा काय समोर बसलाय.” त्यांनी उजव्या हाताची बाही सोडायला घेतली. “साठी पार केली. गोळी कशी असती माहीत न्हाई, दवाखान्याची पायरी चढलो न्हाई. माझ्यावर लावा. माझं नीट दाखवलं तर मशीन खरं.”

पडद्याआडून दामिनी हळूच म्हणाली, “अव्वा, बघ, अप्पा दगड झाले.” गौरम्मानं तिला गप्प केलं, पण सिद्रामप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

बुद्धप्रिया पट्टा उलगडत होती तेव्हा त्यांनी विचारलं, “नायगावच्या म्हणलात. आडनाव काय?”

“सोनकांबळे.”

“हां.”

अर्धी वर गेलेली बाही तिथंच थांबली. हे थांबणं बुद्धप्रियाच्या ओळखीचं होतं. खोली भाड्यानं शोधताना ते तिनं दाराच्या चौकटींत पुष्कळदा बघितलं होतं. कुठं ते लांबत जाऊन दार लागायचं, कुठं आपोआप सरायचं. ती पट्टा हातात धरून उभी राहिली. सिद्रामप्पांनी बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि दंड पुढं केला.

“लावा.”

तिनं त्यांना पाय जमिनीवर टेकवायला सांगितले, पाठ टेकवायला सांगितली, हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि बोलू नका म्हणाली. न बोलणं त्यांना जड गेलं, पण त्यांनी पाळलं. पट्टा फुगला, सुटला. पडद्यावर आकडे स्थिरावले. एकशे शहात्तर, एकशे चार.

“किती पाहिजे?”

“एकशे चाळीस, नव्वदच्या खाली.”

“प्रवासानं असंल.”

“असेल. परत घेऊ.”

पाच मिनिटं थांबून तिनं परत घेतलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे दोन. मग दुसऱ्या दंडावर घेतलं. जवळजवळ तेवढंच.

“पट्टा उलटा तर न्हाई लावला?”

“नाही, अप्पा.” ती खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आली. “हे जास्त आहे. आज-उद्याच डॉक्टरांना दाखवा. चक्कर येते का? डोकं दुखतं?”

सकाळी उठल्यावर आपण भिंतीला हात लावून उभे राहतो, हे त्यांना बहुतेक आठवत असावं, कारण त्यांचा हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेला होता. गौरम्मानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती तशीच मागं सरली. दुकानात कुणी गिऱ्हाईक गुळाचा भाव विचारत होतं. मशीन खोटं म्हणावं तर सुनेचा आकडा त्यावर घेता येत नव्हता. खरं म्हणावं तर दगडातच खोट होती.

“दुसरं मशीन मागवू का सरकारी दवाखान्यातून?” बुद्धप्रियानं विचारलं.

सिद्रामप्पांनी बाही खाली केली. बटण लावायला त्यांना वेळ लागला.

“न्हाई. ज्या काट्यावर मला तोललं, त्याच काट्यावर तिला तोला,” ते म्हणाले. “मी हितंच बसतो.”

आतल्या खोलीत दामिनी गादीवर बसली होती. मांडीवर मुलगी झोपलेली. गळ्यातल्या पांढऱ्या दोऱ्याला कापडात बांधलेलं छोटं लिंग आणि मूठ घट्ट मिटलेली. बुद्धप्रियानं या मुलीला पहिल्यांदाच बघितलं. तिच्या रक्तातल्या कच्च्या पेशी तिनं एकेक मोजल्या होत्या, पण तिच्या कपाळावर एवढं जावळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

गौरम्मानं बाळ उचलून बाहेर नेलं. दार ओढून घेतलं. आत दोघीच उरल्या.

“अप्पांचं किती आलं?”

“ते त्यांनाच विचारा.”

“लई आलं असंल. आवाज उतरला त्यांचा.” दामिनीनं हात पुढं केला. चेहऱ्यावरची सूज पार गेली होती. नाकडोळे वेगळेच दिसत होते, जणू वॉर्डात भेटली ती दुसरी कुणी होती. “ताई, कमी आलं तर मला जावं लागंल. जास्त आलं तर हितंच ऱ्हावं लागंल. दोन्हीकडून मला कुणी इचारलं न्हाई, तुला काय पाहिजे म्हणून.”

“काय पाहिजे?”

दामिनीनं विचार केला. “पोरीला नाव पाहिजे. तेवढं तिकडंच मिळतंय.”

“तुम्ही ठेवा की.”

“ठेवलं होतं. एकदा दुपारी, अव्वा दुकानात होती तवा. कानात म्हणून बघितलं. पण आपणच ठेवायचं, आपणच हाक मारायची, दुसऱ्या कुणाला ठाऊकच न्हाई.” ती थांबली. “कसंतरी वाटलं. परत न्हाई म्हणलं.”

कोणतं नाव, असं बुद्धप्रियाच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही. स्वतःच्या खोलीत ती कधी कधी मोठ्यानं स्वतःचं पूर्ण नाव घ्यायची, दिवसभरात कुणी घेतलं नाही म्हणून. ते तिला आठवलं, आणि तेही तिनं सांगितलं नाही.

“आता पाच मिनिटं बोलायचं नाही,” ती म्हणाली. “पाय खाली टेकवा. पाठ भिंतीला. काही मनात आणू नका.”

“ते कसं जमतं?”

“जमत नाही. तरी म्हणायचं असतं.”

दामिनी हसली आणि डोळे मिटून बसली. बुद्धप्रियानं पट्टा तिच्या दंडावर गुंडाळला, कोपरापासून दोन बोटं वर, आणि हात उशीवर छातीच्या पातळीला आणून ठेवला. मग ती स्टुलावर बसली. भिंतीपलीकडं बाळ कुरकुरलं. गौरम्मा त्याला काहीतरी कन्नडमध्ये म्हणत होती. सिद्रामप्पांचा आवाज फोनवर ऐकू आला. “न्हाई, अजून न्हाई. बसलोय.” मग तोही थांबला. ताकावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. बाहेरच्या रस्त्यावरून एसटी स्टँडकडं एक गाडी गेली.

बुद्धप्रियानं बटण दाबलं. पहिली मोजणी धरायची नसते, म्हणून ती सोडून दिली. एक मिनिट थांबून दुसरी घेतली, मग आणखी एक मिनिट थांबून तिसरी. पट्टा फुगला, थरथरला, हळूहळू सुटला. शेवटच्या दोन मोजण्यांची तिनं सरासरी काढली.

एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर.